अब्बांचा पेसमेकर, मोबाइलवरचे स्टिकर आणि वजनाने हलकी ढाल

गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. सलाम-दुआनंतर त्या लिहितात, ‘‘अब्बांना यंदा रमजानच्या आधी पेसमेकर बसवला. तब्येत आता चांगली आहे. पण माझ्या मुलाने कुठेतरी वाचले की मोबाइलच्या लहरींनी पेसमेकर बिघडतो. त्याने आपल्या नानांसाठी सातशे रुपयांची दोन स्टिकर मागवली. मोबाइलच्या पाठीवर चिकटवली की लहरी अडतात म्हणे. पाकिटावर लिहिले आहे की यातला पदार्थ कृत्रिम बुद्धिमत्तेने शोधला आहे. मी शंका काढली तर मुलगा म्हणतो, अम्मी, आता नवे पदार्थ संगणकच शोधतात, तुला काय माहीत! अब्बा नुसते हसतात. खरे काय ते तुम्हीच सांगा.’’

या पत्रात दोन प्रश्न आहेत. हे स्टिकर अब्बांच्या पेसमेकरला वाचवते का, हा पहिला. लहरी अडवणारे पदार्थ संगणक खरोखर शोधतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आहे ‘नाही’. दुसऱ्याचे उत्तर आहे ‘होय, पण...’ आणि या ‘पण’मध्येच पहिल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. म्हणून या वेळी दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो.

लहरींची लुडबुड

पंधरा-वीस वर्षांपूर्वीची आठवण सांगतो. घरात सगळे रेडिओभोवती बसलेले, ईदच्या चाँदची खबर कधी येते म्हणून कान टवकारलेले, आणि नेमके त्याच वेळी रेडिओतून टर्र-टर्र-टर्र असा आवाज सुरू व्हायचा. दोन सेकंदांनी शेजारी ठेवलेला मोबाइल वाजायचा. फोन येणार हे रेडिओला आधी कळायचे! आम्हा मुलांना त्यात मोठी गंमत वाटे.

त्यात जादू काही नव्हती. त्या काळचे मोबाइल आपला संदेश सलग न पाठवता तुकड्या-तुकड्यांनी, सेकंदाला सुमारे २१७ वेळा पाठवत. शेजारच्या रेडिओतल्या तारा ते झटके पकडत. सेकंदाला २१७ ही चाल आपल्या कानाला ऐकू येण्याजोगी असल्याने स्पीकरमधून टर्र-टर्र उमटे. मोबाइलला रेडिओ बिघडवायचा नव्हता आणि रेडिओलाही मोबाइलचे काही ऐकायचे नव्हते. तरी एकाचे काम दुसऱ्याच्या कामात शिरले. याला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात.

विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू थोड्याफार लहरी बाहेर टाकते आणि बाहेरच्या थोड्याफार पकडते. मिक्सर लावला की टीव्हीवर रेघा यायच्या, ते हेच. रेडिओ खरखरला तर फार बिघडत नाही. पण हीच लुडबुड विमानाच्या यंत्रणेत, गाडीच्या ब्रेकच्या संगणकात किंवा छातीत बसवलेल्या पेसमेकरमध्ये झाली तर? म्हणून अशा वस्तूंना लहरींपासून आडोसा द्यावा लागतो. त्या आडोशाला आपण ढाल म्हणू.

ढाल काम कशी करते

१८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी बारा फूट लांब, रुंद आणि उंच अशी एक खोली उभारली आणि तिला बाहेरून धातूने मढवले. बाहेर विजेच्या ठिणग्या उडत असताना ते स्वतः आपली उपकरणे घेऊन आत बसले. आत विजेचा मागमूस नव्हता. सारा भार धातूच्या बाहेरच्या अंगालाच राहिला होता.

लहरींच्या बाबतीत ढालीचे काम दोन तऱ्हांनी चालते. लहर धातूवर आदळली की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन हलू लागतात आणि त्यांच्या हालचालीने लहरीचा बराच भाग आल्या वाटेने परत जातो. हे परावर्तन. उरलेला भाग आत शिरतो आणि शिरता शिरता उष्णता होऊन विरतो. हे शोषण. लहर किती खोल शिरते ते तिच्या कंपनसंख्येवर ठरते. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची लहर तांब्यात ९ मिलिमीटरच्या आसपास गेल्यावर पुरेशी मंदावते. मोबाइलच्या पट्ट्यातल्या १ गिगाहर्ट्झच्या लहरीला त्यासाठी २ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन, इतके तांबे पुरते.

ढाल किती चांगली, हे डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल म्हणजे दहातला एक भाग पलीकडे जातो, बाकीचे नऊ अडतात. २० डेसिबलला शंभरातला एक, ३० ला हजारातला एक. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता घरच्या घरी करता येईल असा एक प्रयोग. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल घ्या. मोबाइल तिच्यात दोन थर देऊन, सगळ्या कडा नीट दुमडून, कुठेही फट न ठेवता गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला फोन लावा. गुंडाळणे चांगले झाले असेल तर तो वाजणार नाही. मग फॉइल काढा, रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा कापून मोबाइलच्या पाठीवर चिकटवा आणि पुन्हा फोन लावा. आता मोबाइल नेहमीसारखा वाजेल.

स्टिकरची सगळी गोष्ट या दोन कृतींत आली. ढाल चारी बाजूंनी हवी. छत्रीच्या जागी रुमालाएवढे कापड डोक्यावर धरून पावसात उभे राहिलो, तर कापड कितीही उत्तम असो, भिजायचे ते भिजणारच. आणि एखादे स्टिकर खरोखरच लहरी अडवत असेल, तर फोनला टॉवर सापडायला त्रास होईल आणि तो अधिक जोर लावून लहरी पाठवेल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली अशी ‘कवचे’ विकणाऱ्या दोन कंपन्यांवर कारवाई केली होती. अशा वस्तूंमुळे फोन उलट जास्त जोराने लहरी सोडू शकतो, असा इशाराही त्या आयोगाने ग्राहकांना दिला आहे.

अब्बांची ढाल आत आहे

मग अब्बांच्या पेसमेकरचे काय? त्याची ढाल डॉक्टरांनी त्याच्यासोबतच बसवलेली आहे.

माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये बसवला गेला. रुने एल्मक्विस्ट यांनी तो तयार केला आणि ओके सेनिंग या शल्यविशारदांनी बसवला. त्याचे सारे भाग एका चिकट रसायनात ओतून घट्ट केलेले होते आणि साचा म्हणून वापरला होता बूट पॉलिशचा डबा! ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पण ज्यांना ते बसवले ते आर्ने लार्सन नंतर वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले.

सुरुवातीच्या पेसमेकरची अडचण ही होती की ते रसायन लहरींना अडवत नसे. त्या काळात काही उपाहारगृहांत ‘येथे मायक्रोवेव्ह ओव्हन चालू आहे, पेसमेकर असलेल्यांनी जपावे’ अशा पाट्या लावत. १९७० च्या दशकात पेसमेकर टायटॅनियमच्या बंद डबीत येऊ लागला. टायटॅनियम वजनाला हलके, शरीराला चालणारे आणि लहरींना अडवणारे. हृदयापर्यंत जाणाऱ्या तारा मात्र डबीबाहेरच असतात. म्हणून त्या जिथून आत शिरतात तिथे नको त्या लहरी गाळणारे छोटे भाग बसवले जातात. म्हणजे अब्बांच्या छातीत एक छोटी फॅरडेची खोलीच आहे.

या ढालीलाही मर्यादा आहेत. लोहचुंबकाचा स्थिर प्रभाव टायटॅनियम अडवत नाही. पेसमेकर तपासताना डॉक्टर स्वतः चुंबकाचा उपयोग करतात, तो यामुळेच शक्य होतो. आता काही मोबाइलमध्ये आणि त्यांच्या खोळींमध्ये चुंबक असतात. म्हणून सल्ला असा आहे की मोबाइल पेसमेकरपासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर तरी लांब ठेवावा. सदऱ्याच्या त्या बाजूच्या खिशात ठेवू नये आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा. इंडक्शन शेगडीजवळ काम करताना शेगडी आणि पेसमेकर यांत दोन फूट अंतर ठेवावे, असे ब्रिटिश हार्ट फाउंडेशन सांगते. या वीतभर अंतराला एक पैसाही पडत नाही.

फॉइल असताना शोध कशाचा?

आता भाच्याच्या बाजूने बोलू. त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. लहरी अडवणारे हलके पदार्थ शोधण्यासाठी जगभर खटपट चालू आहे आणि तिच्यात संगणकाचा मोठा हात आहे.

स्वयंपाकघरातली फॉइल जर लहरी अडवते, तर नव्या पदार्थांची गरज काय, असे कोणीही विचारेल. फॉइल घडीवर फाटते. तिला हवा तसा आकार देऊन टिकवता येत नाही. सांध्यांतून लहरी निसटतात. जाड धातू घ्यावा तर वजन वाढते. एक लिटर पाण्याच्या बाटलीएवढे तांबे जवळजवळ नऊ किलो भरते, तेवढेच ॲल्युमिनियम २.७ किलो आणि साधे प्लॅस्टिक साधारण एक किलो. विमानात, उपग्रहात, विजेच्या गाडीत किंवा अंगावर घालायच्या उपकरणात प्रत्येक ग्रॅम महाग पडतो. बोइंग ७८७ या विमानाच्या रचनेचा वजनाने सुमारे निम्मा भाग कार्बनतंतूंच्या मिश्रपदार्थांचा आहे. तो ॲल्युमिनियमहून हलका, पण विजेला तितकी वाट देत नाही. म्हणून वीज कोसळण्याच्या धोक्यासाठी त्याच्या बाहेरच्या थरात धातूची बारीक जाळी घालावी लागते.

शिवाय धातू लहर मुख्यतः परत फेकतो. परत फेकलेली लहर जाते कुठे? शेजारच्या भागावर. म्हणजे आपल्या अंगणातला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात लोटल्यासारखेच झाले. लहर गिळून टाकणारा पदार्थ मिळाला तर उत्तम.

म्हणून प्लॅस्टिक, रबर किंवा फेसासारख्या हलक्या पदार्थात विजेला वाट देणारे कण मिसळायचे, असा मार्ग निघाला. ओढ्यात पाय ठेवायला दगड टाकण्यासारखे हे आहे. चार-दोन दगडांनी ओढा ओलांडता येत नाही. टाकता टाकता एक वेळ अशी येते की अचानक पलीकडे जायची वाट जुळते. प्लॅस्टिकमध्ये कार्बनचे कण मिसळताना असेच होते. ठरावीक प्रमाणापर्यंत काहीच घडत नाही आणि त्यानंतर वीज वाहू लागते. गोल कण बरेच लागतात. लांबट कण, जसे कार्बनच्या सूक्ष्म नळ्या, फार थोड्या प्रमाणात पुरतात, कारण आडवी फळी दोन-तीन दगडांचे काम करते. पण कण वाढवत गेलो की पदार्थ जड होतो, ठिसूळ होतो, साच्यात नीट बसत नाही. एक बाजू सावरावी तर दुसरी बिघडते.

या शोधातला एक मोठा टप्पा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०११ मध्ये टायटॅनियम आणि कार्बनचे अतिशय पातळ पापुद्रे तयार झाले. अशा पापुद्र्यांच्या साऱ्या कुळाला ‘मॅक्सीन’ नाव पडले. २०१६ मध्ये याच विद्यापीठाने आणि दक्षिण कोरियातल्या एका संशोधन संस्थेने ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की या पापुद्र्यांची फक्त ४५ मायक्रोमीटर जाडीची, माणसाच्या केसाहून पातळ फिल्म ९२ डेसिबलपर्यंत लहरी अडवते. मघाचा हिशेब आठवा. ९२ डेसिबल म्हणजे सुमारे १५८ कोटी भागांतला एकच भाग पलीकडे जातो. पण या पापुद्र्यांचे दुखणेही आहे. दमट हवेत आणि पाण्यात ते हळूहळू खराब होतात. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात त्यांचे काय होईल, याचा विचार करून ठेवलेला बरा.

मोजता मोजता जन्म जाईल

आता संगणकाची पाळी. समजा, आमच्याकडे १६ पदार्थ आहेत आणि त्यांचे पाच थर एकावर एक द्यायचे आहेत. कोणता थर कशाचा, एवढेच ठरवायचे तरी १०,४८,५७६ रचना होतात. रोज एक नमुना करून मोजला तर २,८०० वर्षांहून अधिक काळ लागेल. प्रत्येक थराला दहा वेगवेगळ्या जाड्या देता येत असतील, तर आकडा दहा हजार कोटींच्या पुढे जातो.

१६ हा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले एरिक मिखिएल्सन, भारतीय वंशाचे राज मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच कोडे घेतले होते: धातूच्या पत्र्यावर कोणत्या पदार्थांचे, किती जाडीचे थर दिले तर लहरी जास्तीत जास्त गिळल्या जातील आणि लेपही जाड होणार नाही? त्यांच्या यादीत १६ पदार्थ होते. सगळ्या रचना तपासणे शक्य नव्हते. त्यांनी संगणकाला शेतकऱ्याची रीत शिकवली. शेतकरी चांगल्या कणसांचे बियाणे पुढच्या वर्षासाठी राखतो. संगणकाने आधी काही रचना चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडल्या, सूत्राने प्रत्येकीचा गुण काढला, चांगल्या राखल्या, त्यांचे अर्धे-अर्धे भाग एकमेकींत मिसळले, मधूनच एखादा थर सहज बदलून पाहिला आणि हाच फेरा पुन्हा पुन्हा चालवला. शेवटी हातात एकच उत्तर आले नाही, पर्यायांची रांग आली. या टोकाला पातळ पण जरा कमी गिळणारा लेप, त्या टोकाला जाड पण खूप गिळणारा. निवड करायची ती माणसाने.

इथे एक सोय होती. थरांचे गुण माहीत असले की लहर त्यांतून कशी जाईल, हे सूत्राने काढता येते. प्रत्यक्ष मिश्रणात तशी सोय नसते. कण नीट पसरले की गुठळ्या झाल्या, वाळवताना किती उष्णता दिली, फेसातले छिद्र केवढे पडले, यावर सगळे अवलंबून. हे सूत्रात बसत नाही. करून पाहावे लागते आणि एक नमुना करून, वाळवून, दाबून, मोजायला दिवस जातात. मशीन लर्निंग म्हणतात ते इथे उपयोगी पडते.

ते कसे, हे विहिरीच्या उदाहरणाने सांगतो. गावात पाच ठिकाणी बोअर मारल्या. दोन कोरड्या, एकीला थोडे पाणी, दोघींना चांगले. सहावी कुठे मारावी? शहाणा माणूस दोन गोष्टी बघेल. चांगले पाणी लागले त्याच्या जवळपास मारावी, हा एक विचार. पण गावाच्या ज्या टोकाला अजून कोणी एकही बोअर मारलेली नाही, तिथले काहीच माहीत नाही, तिथेही एखादी मारून पाहावी, हा दुसरा.

दक्षिण आफ्रिकेतले खाणींचे अभियंता डॅनी क्रिगे यांच्यापुढे हाच प्रश्न सोन्याचा होता. मोजक्या ठिकाणच्या नमुन्यांवरून मधल्या जमिनीत सोने किती असेल? १९५१ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी त्याची गणिती वाट दाखवली. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज माथेरों यांनी तिची बांधणी पक्की केली आणि क्रिगे यांचेच नाव तिला दिले. या वाटेचे मोठेपण असे की ती नुसता अंदाज देत नाही. त्या अंदाजाची खात्री किती, तेही सांगते.

आज नव्या पदार्थांच्या शोधात हीच कल्पना वापरतात. जमिनीच्या जागी असतात पाककृती: कार्बन इतके टक्के, पापुद्रे इतके, जाडी इतकी, उष्णता इतकी. पंचवीस-तीस नमुने करून त्यांचे डेसिबल आणि वजन संगणकाला देतात. तो न केलेल्या हजारो पाककृतींचा अंदाज काढतो, प्रत्येकासोबत आपली शंकाही नोंदवतो आणि सांगतो की पुढचा नमुना हा करा. संशोधक तो करतात, मोजतात, आकडा परत देतात. अंदाज सुधारतो. असे फेरे होत लाखो शक्यतांतून थोडक्या नमुन्यांत चांगल्या जागेपर्यंत पोहोचता येते.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. पदार्थ चांगला आहे हे संगणक ठरवत नाही. पुढे काय करून पाहावे, एवढेच तो सांगतो. निवाडा प्रयोगशाळेतल्या मोजणीचा. दोन ॲन्टेनांच्या मध्ये नमुना ठेवून, नमुन्यासह आणि नमुन्याविना किती लहर पलीकडे गेली, ते मोजायचे. तो आकडा खरा.

वहीत करपलेल्या हंडीची नोंद हवी

आता ते ‘पण’. संगणक शिकतो तो आपण दिलेल्या वहीवरून. वही अर्धी असेल तर शिकणेही अर्धे.

घरात नवी सून स्वयंपाक शिकते तेव्हा सासूने फक्त जमलेल्या बिर्याणीच्या गोष्टी सांगितल्या तर सून काय शिकेल? हंडी कधी करपली, तांदूळ कधी मोडला, दम कधी कमी पडला, हे कळले तरच हात बसतो. संशोधनात मात्र जमलेले नमुने छापले जातात आणि फसलेले कपाटात राहतात. छापील आकड्यांवरच शिकलेल्या संगणकाला वाटू लागते की जगात सगळेच पदार्थ चांगले असतात. त्यात एका प्रयोगशाळेने एका कंपनसंख्येला मोजलेले असते, दुसरीने दुसऱ्या. एकाची जाडी वेगळी, दुसऱ्याची वेगळी. हे सगळे एकाच मापात न आणता एकत्र केले तर घोटाळा होतो.

दुसरे असे की जिथे एकही बोअर मारलेली नाही, तिथला अंदाज नुसता अंदाजच असतो. यंत्राने आपली शंका सांगितली तरी माणूस ती लपवू शकतो.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत मोठी वाटते. काय शोधायचे, हे यंत्राला माणूसच सांगतो. ‘कमीत कमी वजनात जास्तीत जास्त डेसिबल’ एवढेच मागितले तर ते हाताने चुरगळणारा फेस पुढे करील. त्याचे काही चुकले नाही, आपण मागितले तेच दिले. घामाने, धुण्याने, वाकवण्याने, पावसाळ्याने त्याचे काय होते. तो बनवणाऱ्याच्या फुप्फुसात कण जातात का. तो गरिबाच्या खिशाला परवडेल का. हे प्रश्न आपण विचारले तरच हिशेबात येतात. छातीत बसवायच्या वस्तूसाठी तर हे प्रश्न डेसिबलच्याही आधी येतात. टायटॅनियमची डबी शरीरात वर्षानुवर्षे टिकते, म्हणूनच ती पन्नास वर्षे आपली जागा राखून आहे.

भगिनीस उत्तर

तेव्हा चिपळूणच्या भगिनी, तुमच्या मुलाला रागावू नका. नानांची काळजी वाटली म्हणूनच त्याने स्वतःच्या पैशातून स्टिकर मागवली. त्याला एवढेच सांगा की संगणक पदार्थ शोधायला मदत करतो हे अगदी खरे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर कोणी काही विकायला आले तर तीन प्रश्न विचारायला शीक. हा पदार्थ कोणत्या कंपनसंख्येला, किती जाडीत, किती डेसिबल अडवतो? ते कोणत्या प्रयोगशाळेने मोजले? आणि ही ढाल वस्तूला चारी बाजूंनी झाकते का? अशी मोजणी करणाऱ्या संस्था आपल्या महाराष्ट्रातही आहेत. पुण्याची एआरएआय वाहनांची असली तपासणी करते आणि मुंबईत पवईला मुख्यालय असलेली ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था विद्युत उपकरणांची करते. खरा माल विकणाऱ्याकडे आकडे असलेला अहवाल असतो. तुमच्या पाकिटावर फक्त बुद्धिमत्तेचे नाव आहे, मोजमाप एकही नाही.

फॉइलचा प्रयोग मुलाकडूनच करून घ्या, नानांच्या समोर. आधी पूर्ण गुंडाळून, मग तुकडा चिकटवून, मग ते सातशेचे स्टिकर लावून. तिन्ही वेळा फोन लावू द्या. त्याला जे दिसेल ते तुमच्या-आमच्या सांगण्यापेक्षा जास्त पटेल. स्टिकर परत करता आले तर करावे, नाही तर एवढे पैसे शिकण्याची फी समजावी.

अब्बांसाठी एवढेच: मोबाइल उजव्या-डाव्यापैकी पेसमेकर नसलेल्या बाजूच्या खिशात. चुंबकाची खोळ असेल तर काढून टाकावी. डॉक्टरांनी दिलेले पेसमेकरचे कार्ड कायम पाकिटात असावे आणि विमानतळावर तपासणीपूर्वी ते दाखवावे. एमआरआय करायची वेळ आली तर आधी पेसमेकरबद्दल सांगावे. काही पेसमेकरना ती चालते, काहींना नाही, ते कार्डावरून कळते. चक्कर आली, धडधड वाढली किंवा काही वेगळे वाटले तर मोबाइलला दोष देत घरी बसू नये, सरळ डॉक्टरांकडे जावे.

आणि अब्बा हसले, असे तुम्ही लिहिले आहे. का हसले ते एकदा विचारून आम्हाला कळवा. ईदची खबर ऐकताना टर्र-टर्र करणारा रेडिओ त्यांनी नक्की ऐकला असेल.